दोन पानांचा हिशेब

पृथ्वीवर सजीवांच्या जाती किती, या प्रश्नाचं एक गाजलेलं उत्तर दोन पानांत मावलेलं आहे. १९८२ सालचा ‘द कोलिऑप्टरिस्ट्स बुलेटिन’चा अंक, पानं ७४ आणि ७५. भुंगेऱ्यांचे अभ्यासक सोडले तर हे नियतकालिक सहसा कुणी उघडत नाही. लेखक टेरी अर्विन, वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेतले भुंगेरेतज्ज्ञ. मला कीटकांचा नाद जुना. जंगलाच्या छत्राविषयी, म्हणजे शेंड्यांच्या सलग थराविषयी, कुठलंही पुस्तक हाती घेतलं की हा निबंध आडवा येतोच. शेवटी तो मुळातून वाचला, आणि मग त्यावरून पेटलेलं भांडणही वाचत सुटलो.

ऊन शेंड्याशी, म्हणून पालवी, फुलं, फळं तिथे आणि ती खाणारेही तिथेच, एवढं आपल्याला ठाऊक असतं. पण शंभर फुटांवर जाऊन मोजायचं कुणी? अर्विन यांनी चढण्याचा प्रश्नच निकालात काढला. सत्तरच्या दशकात पनामाच्या जंगलात, पहाटे वारा पडलेला असताना, त्यांनी झाडांच्या शेंड्यांत कीटकनाशकाचं धुकं सोडलं. ते पायरेथ्रिनचं, म्हणजे शेवंतीच्या भाईबंद फुलांतून निघणाऱ्या द्रव्याचं. वरून टपटप पडलेलं सगळं खाली गोळा केलं. झाड एकाच जातीचं निवडलं होतं : लुहिया सीमानी, आपल्या धामणीच्या आणि फालशाच्या कुळातलं. अशी १९ झाडं, तीन हंगाम, आणि भुंगेऱ्यांच्या सुमारे १२०० जाती!

पीटर रेव्हन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी विचारलं होतं की उष्णकटिबंधातल्या एक एकर जंगलात किती जाती असतील? त्याचं उत्तर काढता काढता अर्विन एकरावरून पृथ्वीवर पोहोचले. तो हिशेब वाण्याच्या वहीइतका उघडा आहे. पानं वगैरे खाणारे भुंगेरे ६८२ जातींचे. त्यांतले २० टक्के फक्त याच झाडावर राहणारे असं धरू. शिकारी २९६, त्यांतले ५ टक्के. बुरशीखाऊ ६९, त्यांतले १० टक्के. कुजकं-सडकं खाणारे ९६, त्यांतले ५ टक्के. बेरीज १६३. उष्णकटिबंधात झाडांच्या जाती ५० हजार, म्हणजे भुंगेऱ्यांच्या जाती ८१ लाख ५० हजार. कीटक, कोळी वगैरे संधिपाद प्राण्यांत भुंगेरे ४० टक्के, म्हणजे छत्रात एकूण २ कोटी जाती. जमिनीलगत त्याच्या निम्म्या धरल्या तर आणखी १ कोटी. एकूण ३ कोटी! तोवर शास्त्राने नाव दिलेले सजीव पंधरा लाखांच्या आसपास होते.

यातल्या २० टक्क्यांना मोजमापाचा काही आधार नाही. कागद घेऊन मी तिथे ५ टक्के घालून पाहिले. ३ कोटींचे सव्वा कोटीच्या आत आले. एक अंदाज हलवला की जवळजवळ दोन कोटी जाती गायब. अर्विन यांना हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. अधिक माहिती गोळा करून या आकड्यांना कुणीतरी आव्हान द्यावं, असं त्यांनी निबंधातच लिहून ठेवलं आहे. ते वाक्य मागे पडलं आणि ३ कोटी तेवढे जगभर फिरले. पर्यावरणवाल्यांना, म्हणजे आपल्यालाच, मोठे आकडे फार आवडतात.

आव्हानं आली. १९८८ साली रॉबर्ट मे यांनी एकेक गृहीतक उकलून दाखवलं. खरा घाव पापुआ न्यू गिनीतून बसला. व्होइटेक नोव्होटनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून ५१ जातींच्या झाडाझुडपांवरचे कीटक गोळा केले आणि ते ते पान खरोखर खातात का, हेही तपासलं. धुक्यात हे कळतच नाही. खाली पडलेला भुंगेरा त्या झाडाचा रहिवासी की वाटसरू, कसं सांगणार? त्यांना दिसलं की एकाच झाडाला चिकटून राहणारे थोडे, बहुतेक कीटक झाडाच्या भाऊबंदांवरही चरतात. त्यांचा २००२ सालचा अंदाज : ४० ते ६० लाख.

‘छत्रात दुप्पट’ हे गृहीतकही डळमळलं. ऑस्ट्रेलियातल्या वर्षावनात नायजेल स्टॉर्क आणि पीटर ग्रिमबाखर यांनी वर आणि खाली सारखेच सापळे लावले. २००६ साली त्यांनी निष्कर्ष मांडला की भुंगेऱ्यांच्या विविधतेत दोन्ही थरांचा वाटा बरोबरीचा आहे. छत्रप्रेमींना हे रुचलं नसेल. मलाही रुचलं नाही.

पनामातच सान लोरेन्झोच्या जंगलात एक मोठी मोहीमही निघाली होती. क्रेन, फुगे, दोर, सगळं वापरून मातीपासून शेंड्यापर्यंत संधिपादांची वेचणी केली. इव्ह बासे यांच्यासह २१ देशांतल्या १०२ जणांनी २०१२ साली ‘सायन्स’मध्ये निकाल मांडला. अर्ध्या हेक्टरहून किंचित कमी जागेत ६१४४ जाती, आणि ६००० हेक्टरच्या सगळ्या जंगलात अंदाजे २५ हजार. पनामाच्या एकाच हेक्टरात अर्विन यांनी ४१ हजारांवर जाती धरल्या होत्या.

धुकं सोडण्याच्या पद्धतीवर माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. तिने यादी मिळते, नाती मिळत नाहीत. तमिळनाडूत, सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे, काकाचीच्या सदाहरित जंगलात टी. गणेश आणि सौभद्रा देवी यांनी कुलेनिया या उंच झाडाच्या फुलांवर पाळत ठेवली. या फुलांना पाकळ्याच नसतात, मांसल निदलपुंज असतो. फळांची टंचाई असते त्या दिवसांत सिंहपुच्छ माकडापासून आपल्या शेकरूपर्यंत बरेच प्राणी तो खायला येतात. एका झाडाच्या बहरावर कुणाकुणाचा उन्हाळा निभतो, हे चिकाटीने बघत बसल्यावरच कळतं.

अर्विन २०२० साली वारले. ३ कोटींचा आकडा आज फारसं कुणी मानत नाही, पण तो खोडण्यासाठी लोक झाडांवर चढले, हे श्रेय त्यांचंच. स्वतः ते शेवटपर्यंत नव्या भुंगेऱ्यांना नावं देत राहिले. २००२ साली कोस्टा रिकातल्या ‘अ‍ॅग्रा’ या प्रजातीच्या २९ नव्या जाती त्यांनी एका दमात नोंदवल्या. छत्रात राहणाऱ्या एका देखण्या जातीला त्यांनी केट विन्स्लेटचं नाव दिलं : ‘टायटॅनिक’ची नायिका जहाजाबरोबर बुडाली नाही, पण जंगलाची कुरणं झाली तर हिचं तसं म्हणता येणार नाही, असं कारणही लिहिलं. दुसऱ्या एका जातीच्या नराच्या मधल्या पायांच्या मांड्या दंडासारख्या फुगीर निघाल्या. तिला श्वार्झनेगरचं नाव मिळालं.