जायकवाडीचा साठा आणि भविष्याचा अभ्यास

गैरसमज : भविष्य अभ्यास म्हणजे शिकलेल्या लोकांचं ज्योतिष.

वस्तुस्थिती : ज्योतिषी एकच भविष्य सांगतो. हा अभ्यास शक्य असलेली अनेक भविष्यं मांडतो आणि आजचा निर्णय त्यांतल्या कशात टिकेल हे तपासतो. छत्रपती संभाजीनगरकरांना त्यासाठी पैठणपलीकडे पाहायला नको. तिथल्या जायकवाडी धरणातून २००६ मध्ये इतका विसर्ग झाला की पैठणमध्ये पाणी शिरलं. २०१६ च्या उन्हाळ्यात तेच धरण मृतसाठ्यावर आलं. पुढचा पावसाळा कसा असेल, हे छातीठोकपणे कोण सांगणार? म्हणून २०१३ मध्ये पाणीवाटपाचा नियम सुचवणाऱ्या मेंढेगिरी समितीने भाकीत केलंच नाही. जायकवाडीत साठा अमुक असेल तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांत किती पाणी ठेवायचं, अशा वेगवेगळ्या शक्यता तिने आधीच मांडून ठेवल्या. पावसाळ्याअखेर उपयुक्त साठा ६५ टक्क्यांखाली असेल तर वरून पाणी सोडायचं, हे सूत्र त्यातूनच आलं आणि २०१४ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या आदेशात उतरलं. त्यावर वाद आहेत. तरीही दुष्काळ पडल्यावर भांडत बसण्यापेक्षा नियम आधी ठरलेला असणं मला कितीतरी न्याय्य वाटतं. समितीने याला भविष्य अभ्यास म्हटलं नसेल, पण रीत तीच.

गैरसमज : ही कालपरवाची टूम आहे.

वस्तुस्थिती : एच. जी. वेल्स यांनी भविष्याचा पद्धतशीर शोध घेता येईल, असं लंडनच्या व्याख्यानात १९०२ मध्येच मांडलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या रँड संस्थेत डेल्फी पद्धत घडली. चार तज्ज्ञ एकत्र बसले की ज्येष्ठाच्या मतापुढे बाकीचे गप्प होतात, हे आपल्याकडच्या कुठल्याही बैठकीत दिसतं. डेल्फीत प्रत्येकाला वेगळं विचारतात, नावं गुप्त ठेवतात, सर्वांची उत्तरं पुन्हा सर्वांसमोर ठेवतात आणि मत बदलायची संधी देतात. फ्रान्समध्ये बर्त्रां द जुव्हनेल यांनी १९६० च्या सुमारास या विचाराला बळ दिलं. १९७३ मध्ये पॅरिसला भविष्य अभ्यासाचा जागतिक महासंघ स्थापन झाला.

गैरसमज : सांगितलं तसं घडलं नाही, म्हणजे अभ्यास फसला.

वस्तुस्थिती : कसोटी भाकिताची नाही, तयारीची. शेल या तेल कंपनीत पिएर वॅक यांच्या गटाने तेलाचे भाव भडकण्याची शक्यता १९७३ च्या तेलसंकटाआधीच व्यवस्थापनापुढे ठेवली होती. तारीख त्यांनाही ठाऊक नव्हती, पण संकट आलं तेव्हा कंपनीने त्याचा विचार आधीच केलेला होता.

गैरसमज : आपल्या देशात याला कोण विचारतं?

वस्तुस्थिती : केरळ विद्यापीठात १९९० पासून या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. महाराष्ट्रात माधवराव चितळे यांच्या आयोगाने १९९९ च्या अहवालात राज्याच्या पाण्याचा खोरेनिहाय, पुढच्या दशकांचा विचार मांडला. चितळे छत्रपती संभाजीनगरातच राहिले. तो अहवाल इथल्या महाविद्यालयांत अभ्यासाला लागायला हवा.