बंद उभ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीची निगा

मृगाचा पाऊस समाधानकारक झाला आणि रानाला वाफसा आला, म्हणजे पेरणीसाठी हाती येणारा अवधी मोजकाच असतो. भारी काळ्या जमिनीत तर तो फारच थोडा. मध्येच आणखी एक मोठी सर आली की कुळवाची पाळी आणि पेरणी ही दोन्ही कामे खोळंबतात. नेमक्या अशा दिवशी, दोन महिने छपराखाली उभा असलेला ट्रॅक्टर बाहेर काढावयास जावे आणि किल्ली फिरवताच 'कट्' असा एकच आवाज होऊन सर्व शांत व्हावे, हा प्रसंग पुष्कळ शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. दोष बहुधा एंजिनातही नसतो आणि डिझेलातही नसतो. बॅटरी उतरलेली असते. पंपावरील जुने तेलाचे एंजिन हँडल फिरवून सुरू करता येते, त्यामुळे तेथे ही अडचण उद्भवत नाही. आजच्या ट्रॅक्टरला मात्र हँडलची सोय नाही. बॅटरी नसेल तर चाळीस अश्वशक्तीचे यंत्र जागचे हलत नाही.

बॅटरी कामाने झिजते, तेव्हा ट्रॅक्टर उभा असेल तोवर तिची काळजी करण्याचे कारण नाही, अशी सर्वसाधारण समजूत दिसून येते. ही समजूत चुकीची आहे. दावणीला बांधलेला बैल विश्रांतीने ताजातवाना होतो; बॅटरीचे नेमके याच्या उलट आहे. नियमित कामावर असलेली बॅटरी रोज भरली जाते व सुस्थितीत राहते. जी उभी राहते, ती खराब होते.

असे का होते, हे समजण्यासाठी बॅटरीची रचना थोडक्यात पाहिली पाहिजे. शिशाची ही बॅटरी प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये प्रथम तयार केली आणि तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या पेरॉक्साइडच्या धन पट्ट्या, सच्छिद्र शिशाच्या ऋण पट्ट्या आणि त्यांभोवती पाणी मिसळलेले गंधकाम्ल असते. बॅटरीतून वीज घेतली जाते तेव्हा अम्लातील अंश दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर जाऊन शिशाचे सल्फेट तयार होते व अम्ल पातळ होते. बॅटरी भरली, की हेच सल्फेट पुन्हा विरघळून अम्ल तीव्र होते. ताजे सल्फेट अतिशय बारीक कणांचे असते, म्हणून ते सहज विरघळते. परंतु बॅटरी उतरलेल्या स्थितीत काही आठवडे पडून राहिली, तर या बारीक कणांचे मोठे व कठीण स्फटिक बनतात. साखरेचा पाक तसाच राहू दिला म्हणजे तळाशी जसे खडे धरतात, तसाच हा प्रकार होय. हे खडे मग चार्जरने सहजासहजी विरघळत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग निकामी होतो आणि एरवी चार-पाच वर्षे चालावयाची बॅटरी दोन वर्षांतच बदलावी लागते.

आता, कोणतीही तार जोडलेली नसतानाही भरलेली बॅटरी आपोआप हळूहळू उतरत असते. ज्या बॅटरीत पाणी घालावे लागते, तशा जुन्या पद्धतीच्या चांगल्या बॅटरीतून २५ अंश सेल्सिअस उष्णतामानास महिन्याला साधारणतः पाच टक्के वीज अशी नाहीशी होते. बॅटरी जुनी होत जाईल तसे हे प्रमाण वाढते. त्यातही उष्णतामान दर दहा अंशांनी वाढले, की ही गळती सुमारे दुप्पट होते. विदर्भात व मराठवाड्यात मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली ४५ अंशांचा उष्मा काही नवलाचा नाही. त्या उष्म्यात महिनाभरातच पंचमांश वीज बसल्या जागी संपते. पेरणीनंतर दसऱ्यापर्यंत ट्रॅक्टर उभा राहतो, त्या काळाची चिंता लोक करतात. पण नांगरट लवकर उरकून एप्रिल-मेमध्ये उभा राहिलेला ट्रॅक्टरच बॅटरीच्या दृष्टीने अधिक धोक्यात असतो.

याखेरीज दुसरी एक गळती असते. नव्या मोटारींत व अलीकडच्या मोठ्या ट्रॅक्टरांत घड्याळ, मीटर, एंजिनाचे नियंत्रण करणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र इत्यादी भाग किल्ली काढल्यावरही किंचित वीज घेतच असतात. ५० अश्वशक्तीहून अधिक क्षमतेच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराविषयीचे नवे नियम लागू झाल्यानंतर अशी यंत्रे ट्रॅक्टरमध्येही आली आहेत. ही गळती अवघी ४० मिलिअँपिअर धरली, तरी दिवसाला सुमारे एक अँपिअर-तास होते. ट्रॅक्टरच्या ८८ अँपिअर-तासांच्या बॅटरीतील निम्मी वीज तिने दीड महिन्यात संपते. घरच्या मोटारीची बॅटरी पुष्कळदा ४५ अँपिअर-तासांचीच असते, ती तीन आठवड्यांतच निम्म्यावर येते. जो शेतकरी गावी जीप ठेवून मुलांकडे महिनाभर शहरात जातो, त्याने परतल्यावर जीप सुरू न झाल्यास आश्चर्य मानू नये.

ट्रॅक्टर उभा करण्यापूर्वी

बॅटरी पूर्ण भरूनच ट्रॅक्टर उभा करावा. अर्धवट भरलेली बॅटरी ठेवून देणे म्हणजे सल्फेटाचे खडे धरण्यास पहिल्या दिवसापासून आरंभ करून देणे होय. शेवटच्या दिवशी शेतावरून घरापर्यंत दहा मिनिटे ट्रॅक्टर चालवला, म्हणजे बॅटरी भरली असे समजू नये.

त्यानंतर बॅटरीच्या माथ्यावरील धूळ व अम्लाचा ओलसर थर पुसून काढावा. हा थर स्वतः वीज वाहून नेतो आणि एका टर्मिनलकडून दुसऱ्याकडे बारीक गळती चालू ठेवतो. टर्मिनलवर पांढरे-हिरवे फुलोरे धरले असतील, तर पाण्यात खाण्याचा सोडा कालवून त्या पाण्याने ते धुवावे. हे करताना कप्प्यांची बुचे घट्ट बसलेली असली पाहिजेत, कारण सोड्याचे पाणी आत गेल्यास अम्ल निकामी होते. कोरडे झाल्यावर टर्मिनलला व्हॅसलीन लावावे.

पट्ट्यांवर दहा ते पंधरा मिलिमीटर पाणी उभे असावे. कमी असल्यास केवळ ऊर्ध्वपातित म्हणजे डिस्टिल्ड पाणीच घालावे. विहिरीचे वा बोअरचे पाणी तर नकोच; परंतु घरातील यंत्राने गाळलेले पिण्याचे पाणीही चालत नाही, कारण त्यात क्षार शिल्लक असतात. बॅटरी अशक्त झाली म्हणून तीत अम्ल घालण्याची रीत काही ठिकाणी आढळते. उडून जाते ते पाणी, अम्ल नव्हे. वरून अम्ल घातल्याने पट्ट्या मात्र लवकर झिजतात.

मग टर्मिनलची जोडणी सोडवावी. येथे क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम ऋण, म्हणजे ट्रॅक्टरच्या सांगाड्यास जोडलेली तार सोडवावी आणि नंतर धन तार. प्रथम धन टर्मिनल सोडवू लागल्यास हातातील पाना सांगाड्याला टेकताच मोठी ठिणगी उडते, पाना तापून लाल होतो, प्रसंगी बॅटरीही फुटते. पुन्हा जोडताना क्रम उलटा: आधी धन, शेवटी ऋण. काही फार जुन्या ट्रॅक्टरांत धन टर्मिनलच सांगाड्याला जोडलेले असते. तेथे सांगाड्याची तार, चिन्ह कोणतेही असो, आधी सोडवावी हा नियम धरावा. इलेक्ट्रॉनिक यंत्रे असलेल्या वाहनात किल्ली काढून काही मिनिटे थांबावे व मगच तारा सोडवाव्यात. ट्रॅक्टरला किंवा त्यास जोडलेल्या अवजाराला वेल्डिंग करावयाचे असले, तरीही बॅटरी सोडवणे अगत्याचे आहे.

सोडवलेली बॅटरी सावलीच्या, हवेशीर व मुलांच्या हाती न लागणाऱ्या जागी ठेवावी. फरशीवर ठेवल्यास बॅटरी उतरते, अशी एक समजूत सर्वत्र आहे. प्लॅस्टिकच्या डब्यातील आजच्या बॅटरीच्या बाबतीत तीत तथ्य नाही. फळी खाली घातल्याने नुकसान होत नाही, इतकेच.

महिन्याची तपासणी

महिन्यातून एकदा मल्टिमीटरने बॅटरीचा दाब पाहावा. हे साधे उपकरण एका बॅटरीच्या किमतीच्या मानाने अगदीच स्वस्त आहे. भरल्यानंतर किंवा एंजिन बंद केल्यानंतर काही तास जाऊ द्यावेत. लगेच पाहिलेला आकडा फसवा असतो. १२.६ व्होल्ट किंवा अधिक म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ म्हणजे अवघी पाव. बारा व्होल्टच्या बॅटरीत बारा व्होल्ट दिसले म्हणून समाधान मानणारे पुष्कळ असतात. वस्तुतः ती बॅटरी जवळजवळ रिकामी असते. १२.४ च्या खाली आकडा गेला, की बॅटरी भरून घ्यावी. बुचे असलेल्या बॅटरीत हायड्रोमीटरने प्रत्येक कप्पा स्वतंत्र तपासता येतो, आणि एकच कप्पा इतरांहून फार मागे असेल तर ती बॅटरी फार दिवसांची सोबती नाही हे आधीच कळते. बंद बॅटरीवरील रंगीत डोळा केवळ एकाच कप्प्याची स्थिती दाखवतो, त्यावर विसंबू नये.

भरताना प्रवाह बॅटरीच्या क्षमतेच्या सुमारे दशांश ठेवावा. ८८ अँपिअर-तासांच्या बॅटरीस आठ-नऊ अँपिअर पुरे. निम्मी उतरलेली बॅटरी या हिशेबाने आठ तासांच्या आसपास भरते. त्वरा म्हणून दुकानात दुप्पट-तिप्पट प्रवाह लावून घेतल्यास पट्ट्या तापतात व वाकतात. भरणे पूर्ण होत आले, की कप्प्यांतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत तो चार टक्के मिसळला तरी पेट घेतो, आणि हलका असल्याने छपराखाली साठून राहतो. बॅटरी भरत असलेल्या खोलीत विडी ओढू नये, चूल वा दिवा नसावा, आणि चार्जर बंद केल्यावाचून चिमटे काढू नयेत.

जेथे वीज वेळीअवेळी येते, तेथे दहा वॉटची लहान सौर पट्टी फार उपयोगी पडते. चांगल्या उन्हात ती दिवसाला दोन-तीन अँपिअर-तास देते आणि उभ्या बॅटरीची रोजची गळती याहून कितीतरी कमी असते. पावसाळी ढगाळ दिवसांतही थोडेबहुत भरणे चालू राहते. मात्र पट्टी व बॅटरी यांमध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. त्यावाचून उन्हात बॅटरी जास्त भरून तिचे पाणी उडते आणि रात्री वीज उलट पट्टीकडे जाऊ शकते. विजेच्या तारेवर चालणारा, बॅटरी भरताच आपोआप प्रवाह घटवणारा चार्जरही हेच काम करतो.

आठवड्यातून एकदा एंजिन पाच मिनिटे सुरू करून बंद करण्याची जी पद्धत आहे, तिच्याबद्दल दोन शब्द लिहिणे जरूर आहे. स्टार्टर दोनशे-तीनशे अँपिअर प्रवाह ओढतो, परंतु काही सेकंदच; त्यामुळे एका वेळी अर्ध्या अँपिअर-तासाहून कमीच वीज खर्च होते. मंद गतीवर पाच मिनिटांत आल्टरनेटर ती जेमतेम परत करतो. मागील आठवड्याची गळती भरून निघत नाही ती नाहीच, आणि थंड एंजिन थोडेच चालवल्याने तेलात न जळलेले डिझेल व पाण्याचा अंश मात्र उतरतो. चालवावयाचेच असेल तर ट्रॅक्टर बाहेर काढून तासभर कामाच्या गतीवर चालवावा.

उतरलेल्या बॅटरीमुळे होणारे अपघात

किल्ली फिरत नाही असे पाहून काही जण ट्रॅक्टरच्या बाजूस खाली उभे राहून स्टार्टरच्या दोन टर्मिनलांवर पेचकस टेकवतात व एंजिन सुरू करतात. या प्रकारात जिवास धोका आहे. असे केल्याने न्यूट्रल किंवा क्लचशी जोडलेला सुरक्षिततेचा स्विच वगळला जातो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तो सुरू होताच पुढे झेप घेतो, आणि करणारा मनुष्य मागच्या मोठ्या चाकासमोरच उभा असतो. पेरणीच्या घाईत गिअर पाहण्याचे राहून जाते. पेचकसाने ट्रॅक्टर सुरू करून देणाऱ्या गड्याचे कौतुक न करता त्याला थांबवणे, हे मालकाचे कर्तव्य आहे.

दुसऱ्या वाहनाची बॅटरी जोडून सुरू करावयाचे झाल्यास दोन्ही बॅटऱ्या बारा व्होल्टच्याच आहेत याची खात्री करावी. धन टर्मिनलला धन जोडावे. चांगल्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलची तार मात्र उतरलेल्या बॅटरीला न जोडता तिच्यापासून दूर, एंजिनाच्या उघड्या लोखंडास जोडावी, म्हणजे शेवटची ठिणगी वायूपासून लांब पडते. अम्ल डोळ्यांत गेल्यास लगेच स्वच्छ पाण्याची धार किमान पंधरा मिनिटे सोडावी व तडक डॉक्टरकडे जावे. कामास आरंभ करण्यापूर्वीच पाण्याची कळशी जवळ आणून ठेवावी.

निकामी बॅटरी घरी फोडून शिसे वितळवू नये. त्या धुराने विशेषतः लहान मुलांना विषबाधा होते. २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी विक्रेत्याकडे द्यावी आणि तिची किंमत बिलातून वळती करून घ्यावी.

रोहिणी लागण्याच्या सुमारास, म्हणजे मृगापूर्वी पंधरा दिवस, भरलेली बॅटरी ट्रॅक्टरला जोडावी. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवून, एंजिन बंद करण्याची दांडी ओढून धरावी व दहा सेकंद स्टार्टर फिरवावा. दुसऱ्या माणसाने त्या वेळी मल्टिमीटर पाहावा. बंद करण्याची दांडी नसलेल्या नव्या ट्रॅक्टरांत एंजिन सुरू होईपर्यंतचाच आकडा पाहावा. आकडा साडेनऊ व्होल्टच्या खाली कोसळत असेल, तर ती बॅटरी हंगाम काढणार नाही. नवी आणण्यास तेव्हा पंधरा दिवस हाताशी असतात.