बर्मी वाचणारी दोन माणसं

समाजमाध्यमं लोकशाहीला तारक की मारक? अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने 2022 मध्ये 19 प्रगत देशांत हे विचारलं. मध्यक काढला तर 57 टक्के लोकांनी भल्याच्या बाजूने कौल दिला. अमेरिकेत मात्र 64 टक्के लोकांना ती घातक वाटली. ज्यांनी फेसबुक आणि ट्विटर जगाला दिलं, तेच सर्वांत जास्त वैतागलेले!

त्याच सुमारास संशोधकांच्या एका गटाने जवळपास 500 अभ्यास चाळले. राजकीय सहभाग आणि माहिती वाढल्याचे दाखले प्रामुख्याने हुकूमशाही आणि नवख्या लोकशाही देशांतून आले. विश्वास उडाल्याचे, दुफळी वाढल्याचे मुख्यतः जुन्या लोकशाही देशांतून. वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी असते तिथे मोबाइलचा आधार वाटणारच. पण लष्करी राजवटीतून लोकशाहीकडे वळू लागलेला म्यानमार या हिशेबात बसला नाही.

लष्करी राजवटीत तिथे सिमकार्ड फक्त श्रीमंतांना परवडे. 2014 मध्ये परदेशी कंपन्या आल्या आणि ते दीड डॉलरला मिळू लागलं. बहुतेकांसाठी इंटरनेट म्हणजेच फेसबुक. रोहिंग्या या मुस्लिम अल्पसंख्याकांविरुद्धचं विष त्यावरूनच पसरलं. ते पेरण्यात लष्कराचे लोकही होते. 2015 च्या सुरुवातीला फेसबुककडे तिथल्या बर्मी भाषेतला मजकूर तपासणारी माणसं होती दोन. ऑगस्ट 2017 नंतर लष्कराच्या हिंसाचारामुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. आपण पुरेसं केलं नाही, हे कंपनीने 2018 मध्ये मान्य केलं. पुढे फेब्रुवारी 2021 मध्ये सत्ता बळकावताच लष्कराने फेसबुकच बंद केलं, कारण आता तिथे विरोधक एकवटत होते.

तेव्हा लोकशाही नवी की जुनी, एवढ्यावर भागत नाही. त्या भाषेतला मजकूर वाचून थोपवणारं कुणी आहे का, हेही बघावं लागतं.

आपल्याकडे 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. अशा अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्डची मर्यादा जाहीर केली. पण व्हॉट्सॲपवरचे खासगी संदेश कूटबद्ध असतात; कुणी तक्रार केल्याशिवाय कंपनीचा तपासनीस तिथे डोकावू शकत नाही. ग्रुपमध्ये मराठी वाचणारे आपणच. अशी अफवा आली, तर पुढे ढकलण्याआधी पोलीस ठाण्यात फोन करून विचारा.