शुगर : संगणकातील मुलांचे अंगण

कचेरीतील मेज आणि घरापुढचे अंगण ही दोन अगदी निराळी स्थळे आहेत. मेजावर कागद असतात. ते फायलींत लावलेले असतात आणि फायली खणांत ठेवलेल्या असतात. अंगणात यांपैकी काहीही नसते. तेथे एखादे मूल असते, त्याच्या हाती काहीतरी उद्योग असतो, आणि कुंपणापलीकडून त्याला हाका मारणारे सवंगडी असतात.

संगणकाचा पडदा उजळला म्हणजे जे दृश्य आपल्यापुढे येते, ते मेजाचे असते. १९८१ साली झेरॉक्स या अमेरिकन कंपनीने ‘स्टार’ नावाचा संगणक बाजारात आणला. तो कचेरीत काम करणाऱ्या लोकांसाठी बनविलेला होता. साहजिकच त्याच्या पडद्यावर कागद, फोल्डर आणि टपालाची पेटी यांची लहान लहान चित्रे मांडण्यात आली. पुढे इतर संगणकांनी हीच कल्पना उचलली व तीत केराच्या टोपलीची भर घातली. पडद्यावरील या दृश्याला ‘डेस्कटॉप’, म्हणजे मेजाचा पृष्ठभाग, हे नाव पडले, ते यामुळेच. कचेरीतील मनुष्याला ही मांडणी सोयीची वाटते यात नवल नाही. पण आठ वर्षांच्या मुलाने कचेरी कधी पाहिलेलीच नसते. त्याने हत्तीचे चित्र काढले, की संगणक त्याला विचारतो, ‘या फायलीचे नाव काय? ती कोणत्या फोल्डरात ठेवू?’ मुलाच्या डोक्यात हत्ती असतो, फोल्डर नसतो.

ही अडचण ओळखून मुलांसाठी जे स्वतंत्र डेस्कटॉप तयार करण्यात आले, त्याचे नाव ‘शुगर’. त्याचा जन्म एका मोठ्या प्रयोगातून झाला. २००५ साली अमेरिकेतील निकोलस निग्रोपाँटी या प्राध्यापकांनी ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’, म्हणजे प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप, ही योजना जगापुढे मांडली. त्यासाठी हिरव्या-पांढऱ्या रंगाचा, उन्हातही वाचता येईल अशा पडद्याचा, ‘एक्सओ’ नावाचा लहानसा संगणक तयार झाला. रोमन लिपीतील एक्स या अक्षरावर ओ हे अक्षर ठेवले, तर हातपाय पसरून उभ्या असलेल्या मुलाची आकृती दिसते. तेच त्याचे चिन्ह ठरले. या संगणकाची शक्ती बेताचीच होती. आज साध्या मोबाइलमध्येही जेवढी स्मृती असते, तिच्या तुलनेत त्याची २५६ मेगाबाइट स्मृती अगदीच तुटपुंजी म्हणावी लागेल. तरीही त्यावर शुगर चालत असे.

या प्रयोगाचा एक धागा महाराष्ट्रातही येऊन पोहोचला होता. २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैरात या लहानशा गावाच्या एकशिक्षकी प्राथमिक शाळेत हे हिरवे संगणक आले आणि पहिली ते चौथीची वीस-बावीस मुले त्यांवर लिहू, रेखाटू व छायाचित्रे काढू लागली. जगभर अशा संगणकांचे वाटप वीस लाखांच्या वर गेले. पुढे ती योजना ओसरली व ते संगणक मागे पडले. शुगर मात्र टिकून राहिले. याचे कारण असे, की २००८ साली वॉल्टर बेंडर व त्यांचे सहकारी यांनी ‘शुगर लॅब्ज’ नावाची स्वयंसेवकांची संस्था स्थापन करून शुगरला त्या एका यंत्रापासून सोडविले होते. तेव्हापासून लिनक्सवर चालणाऱ्या कोणत्याही सर्वसाधारण संगणकावर शुगर बसविता येते.

लिनक्स म्हणजे काय, हे येथे थोडक्यात पाहणे इष्ट आहे. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवल्ड्‌स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा लिहिला आणि तो सर्वांना खुला केला. कोणीही तो घ्यावा, वाचावा, बदलावा आणि दुसऱ्यास द्यावा, अशी त्याची रीत पडली. अशा गाभ्यावर इतर अनेकांचे काम रचून डेबियन, उबुंटू, फेडोरा इत्यादी पूर्ण कार्यप्रणाली तयार झाल्या. यांची रचना मजल्यांच्या घरासारखी असते. सर्वांत खाली गाभा. त्याच्यावर पडद्यावर चित्र उमटविणारा भाग. आणि सर्वांत वर डेस्कटॉप. वरचा मजला बदलला तरी पायाला धक्का लागत नाही. किंबहुना एकाच संगणकावर दोन डेस्कटॉप सुखाने नांदू शकतात. सकाळी वडील आपल्या नेहमीच्या डेस्कटॉपवर हिशेब करतील आणि सायंकाळी त्याच यंत्रावर मुलगी शुगर उघडून बसेल.

आता शुगर बसविण्याची कृती पाहू. संगणकावर डेबियन किंवा उबुंटू आधीपासून असेल, तर काम फारसे अवघड नाही. त्यासाठी इंटरनेटची जोडणी असावी लागते आणि संगणकाच्या मालकाची अनुमती व परवलीचा शब्द लागतो. प्रथम ‘टर्मिनल’ नावाची खिडकी उघडावयाची. येथे चित्रे नसतात. संगणकाला जे सांगावयाचे, ते लेखी सांगावे लागते. पहिली आज्ञा ‘सूडो ॲप्ट अपडेट’ अशी असते. कोणकोणते सामान कोठे उपलब्ध आहे याची ताजी यादी तिच्यामुळे संगणकाकडे येते. दुसरी आज्ञा मुख्य होय : ‘सूडो ॲप्ट इन्स्टॉल सुक्रोज’. हे शब्द रोमन लिपीच्या लहान अक्षरांत, मधे एकेक जागा सोडून लिहावयाचे असतात. ‘सूडो’ची अक्षरे एस, यू, डी, ओ अशी आहेत, तर ‘ॲप्ट’ची ए, पी, टी अशी. सूडो या शब्दाने आज्ञा मालकाच्या अधिकाराने दिली जाते. ॲप्ट हा सामान आणून जागच्या जागी लावणारा कारभारी. इन्स्टॉल म्हणजे बसव. आणि सुक्रोज हे त्या गाठोड्याचे नाव.

हे नाव मोठे मौजेचे आहे. स्वयंपाकघरातील साखरेला रसायनशास्त्रात सुक्रोज म्हणतात आणि तिचा प्रत्येक रेणू ग्लुकोज व फ्रुक्टोज यांच्या जोडणीतून बनलेला असतो. शुगरच्या कर्त्यांनी हीच नावे घेतली. डेस्कटॉपच्या मूळ भागाला त्यांनी ग्लुकोज म्हटले, सोबतच्या निवडक कृतींना फ्रुक्टोज म्हटले, आणि दोहोंच्या एकत्र गाठोड्याला अर्थातच सुक्रोज!

आज्ञा दिल्यावर संगणक परवलीचा शब्द मागतो. तो टंकित करताना पडद्यावर एकही अक्षर उमटत नाही, ठिपकेसुद्धा दिसत नाहीत. नवशिक्याला वाटते, कळफलक बिघडला. वस्तुतः शेजारी बसलेल्याला शब्दाची लांबीही कळू नये म्हणून ही दक्षता घेतलेली असते. त्यानंतर किती सामान आणावयाचे आहे ते संगणक सांगतो आणि संमती विचारतो. संमती मिळताच एकामागून एक ओळी पडद्यावर सरकू लागतात. शुगरला ज्या ज्या इतर भागांची गरज असते, ते सर्व कारभारी स्वतःच शोधून आणतो. त्यामुळे मागविले एक आणि आली शंभर गाठोडी, असा प्रकार दिसला तरी भिण्याचे कारण नाही. काम संपले, की संगणकातून ‘लॉग आउट’ करून पुन्हा प्रवेश करावयाचा. प्रवेशद्वाराच्या पडद्यावर बहुधा एक दातेरी चाक दिसते. त्यावर टिचकी मारली, की डेस्कटॉपांची यादी उघडते. तीत आता शुगर हे नाव आलेले असते.

ज्या संगणकावर लिनक्स नाही, त्याच्यासाठी दुसरा मार्ग आहे. फेडोरा प्रकल्पाने ‘शुगर ऑन अ स्टिक’ या नावाने शुगरसह संपूर्ण लिनक्स पेनड्राइव्हवर मावेल असे तयार केले आहे. पेनड्राइव्हवर ते विशिष्ट रीतीने उतरवून घेतले आणि संगणक त्यावरून सुरू केला, तर यंत्रातील मूळ प्रणालीला हात न लावता शुगर वापरता येते. येथे दोन ठिकाणी सावध राहणे अत्यंत आवश्यक आहे. पहिले म्हणजे, पेनड्राइव्हवर आधी जे काही असेल ते या क्रियेत पुसले जाते. दुसरे त्याहून गंभीर आहे. संगणक पेनड्राइव्हवरून सुरू झाल्यावर लिनक्स यंत्राच्या डिस्कवर कायमचे बसविण्याचाही एक पर्याय समोर असतो. तो निवडून संपूर्ण डिस्क वापरण्यास संमती दिली, तर घरातील छायाचित्रे, वडिलांचे हिशेब, थोरल्या बहिणीचा निबंध, सारे काही क्षणार्धात नाहीसे होते आणि सहसा परत मिळत नाही. म्हणून डिस्कला हात लावण्यापूर्वी सर्व महत्त्वाच्या गोष्टींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी आणि हे काम जाणत्या माणसाला शेजारी बसवूनच करावे. नुसते पाहावयाचे असेल, तर पेनड्राइव्हवरूनच पाहावे हे उत्तम.

शुगर प्रथम उघडते तेव्हा ते मुलाला त्याचे नाव विचारते आणि मग रंग निवडावयास सांगते. एक्सओच्या त्या आकृतीवर टिचकी मारीत गेले, की रंगांच्या नवनव्या जोड्या येतात. मनास येईल तेथे थांबावे. त्यानंतर ‘घर’ हे दृश्य उघडते. मधोमध मुलाने निवडलेल्या रंगांची आकृती आणि तिच्याभोवती लिहिणे, हिशेब करणे, बोलणे, चित्र काढणे इत्यादी कृतींचे वर्तुळ. कळफलकावरील एफ-तीन ही कळ घराची, एफ-दोन मित्रमंडळाची आणि एफ-एक शेजाराची. एकाच जाळ्यावर शुगर वापरणारी इतर मुले शेजाराच्या दृश्यात आपापल्या रंगांत दिसतात, आणि त्यांना बोलावून दोघांनी मिळून एकच गोष्ट लिहिता येते. शुगरमधील बऱ्याच शब्दांचे मराठी भाषांतरही झालेले आहे.

फायली व फोल्डर यांच्या जागी येथे ‘जर्नल’, म्हणजे रोजनिशी, असते. मुलाने काय केले, केव्हा केले आणि कोणाबरोबर केले, ते शुगर तीत आपण होऊन नोंदविते. नाव द्यावयाचे तर देता येते. न दिले तरी हत्ती हरवत नाही. परवा काढलेला हत्ती परवाच्या नोंदीत सापडतो, आणि त्यावर टिचकी मारताच चित्र पुरे करण्यास मूल मोकळे होते.

शुगरमधील सर्वांत विचारप्रवर्तक कृती कासवाची आहे. ती सोबत आलेली नसल्यास शुगर लॅब्जच्या भांडारातून विनामूल्य मिळते. या कासवाचे घराणे जुने आहे. १९६७ साली सीमोर पेपर्ट, वॉलेस फोइर्झेग व सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा रचली. तिच्यात पुढे कासव आले, आणि आरंभी ते जमिनीवर चालणारे यंत्रच होते. शुगरमधील कासव पडद्यावर चालते व मागे रेघ सोडते. शंभर पावले पुढे जा, उजवीकडे ९० अंश वळ, असे चार वेळा सांगितले, की चौरस पुरा होतो. मग त्रिकोण काढावा असे मुलाच्या मनात येते. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा, हे त्याला पाठ असते. म्हणून ते तीन वेळा ६० अंश वळावयास सांगते. कासव आज्ञेप्रमाणे चालते, पण त्रिकोण बंद होत नाही! कासव भलतीकडेच जाऊन उभे राहते. अशा वेळी मुलाने स्वतः उठून अंगणात त्रिकोणावर चालून पाहावे. कोपऱ्याशी आल्यावर त्याच्या ध्यानात येईल, की सरळ जाणाऱ्याला पुढच्या बाजूकडे तोंड करण्यासाठी बाहेरच्या कोनाइतके, म्हणजे १८० वजा ६० बरोबर १२० अंश, वळावे लागते. आणि ते साठ अंश? तीन ऐवजी सहा वेळा तसेच वळत गेले, तर सुरेख षट्‌कोन तयार होतो. चुकीच्या उत्तरातून दुसऱ्याच प्रश्नाचे बरोबर उत्तर हाती येते, ते असे.

तथापि केवळ यंत्र पुढ्यात ठेवल्याने विद्या येते, असा समज कोणी करून घेऊ नये. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात एक्सओ संगणक फार मोठ्या संख्येने वाटण्यात आले. तेथील ३१९ शाळांची पाहणी करून २०१२ साली एक अहवाल प्रसिद्ध झाला. मुलांच्या सर्वसाधारण बुद्धिकौशल्यात काही सुधारणा दिसली, पण गणितात व भाषेत संगणक मिळालेली मुले इतरांच्या पुढे गेलेली नव्हती. याचा विचार केला, तर कासव भलतीकडे गेले असताना ‘चल, अंगणात चालून पाहू’ असे म्हणणारे कोणी शेजारी असणे किती अगत्याचे आहे, हे दिसून येते.

शुगरमध्ये आणखी एक सोय आहे. बहुतेक कृती ‘पायथन’ या संगणकभाषेत लिहिलेल्या आहेत, आणि कृती चालू असताना शिफ्ट, आल्ट व व्ही या तीन कळा एकदम दाबल्या, की ती ज्या ओळींनी घडली त्या ओळी समोर उघडतात. घड्याळाचे मागचे झाकण काढून आतील चाके पाहावीत, तसे हे आहे. प्रारंभी त्यांतील फारसे काही उमगत नाही. परंतु एखादी संख्या, एखादे नाव ओळखीचे निघते. त्या कृतीची दुसरी प्रत काढावी, प्रतीत ती संख्या बदलावी, आणि काय होते ते पाहावे. प्रत मोडली तरी मूळ कृती वर्तुळात जागच्या जागी असते.