वळणावर ब्रेकसाठी किती उरतं?

शारजाहून खोर फक्कानला जाणारा, २०१९ साली सुरू झालेला रस्ता हजर पर्वतातले बोगदे पार करत समुद्राकडे उतरतो. आपल्या घाटांच्या मानाने तो फारच रुंद आणि गुळगुळीत, त्यामुळे पाय ॲक्सिलरेटरवरून उठत नाही. निघण्याआधी एक गणित करून पाहा.

१०० मीटर त्रिज्येचं सपाट वळण घ्या. कोरड्या डांबरावर घर्षण गुणांक ०.७ धरा. टायर जास्तीत जास्त ०.७ × ९.८, म्हणजे ६.८६ मी/से² इतकं त्वरण देऊ शकतात. समीकरणात वस्तुमान दोन्हीकडून कटतं. छोटी कार असो की सातजणांची एसयूव्ही, कमाल वेग ताशी ९४ किलोमीटरच.

आता खरी गंमत. तुम्ही ताशी ८० ने वळताय आणि पुढे गाडी थांबलेली दिसली. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे ४.९४ इतकं त्वरण नुसतं वळण्यातच गेलं. ब्रेकसाठी काय उरलं? बरेच जण सरळ वजाबाकी करतात. पण ही दोन त्वरणं एकमेकांना काटकोनात आहेत, तेव्हा इथे पायथागोरस हवा: वर्गांची वजाबाकी, मग वर्गमूळ. उरतात ४.८. बरंच की! मात्र ९० ने जात असाल तर जेमतेम २.८. पावसाने गुणांक ०.४ वर आला, तर ब्रेकचं सोडाच, ७१ च्या वर गाडी वळणारच नाही.

वळणाची बाहेरची बाजू ५ अंशांनी उचललेली असेल, तर कोरड्या रस्त्यावर ९४ चे १०३ होतात. कसे, ते कागदावर मांडून बघा.