पैज नाशिकची, परवाना महालक्ष्मीचा

डर्बीचा घोडा तोच, हजार रुपयेही तेच. नाशिकात बसून फोनवरून बुकीकडे लावले, तर कायद्याच्या लेखी तो जुगार. पहाटे उठून पंचवटी एक्स्प्रेस पकडली आणि मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर लावले, तर नाही!

ही किमया १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याची. त्यात घोड्यांच्या शर्यतीला सूट आहे, पण अटींसकट. पैज शर्यतीच्याच दिवशी लावायची. मैदानात त्यासाठी राखलेल्या आवारातच किंवा सरकारने मान्य केलेल्या ठिकाणीच लावायची. आणि घेणारा परवानाधारक बुकी हवा, नाहीतर टोटची खिडकी. एक अट चुकली की सूट गेली.

बुकीच्याही आधी परवाना लागतो तो मैदानाला. त्यासाठी १९१२ चा वेगळा कायदा आहे. महाराष्ट्रात अशी नावाजलेली मैदानं दोनच, महालक्ष्मी आणि पुणे. हिवाळ्यात घोडे मुंबईत पळतात, पावसाळ्यात पुण्यात.

टोटवर सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात जमतात आणि कपात होऊन जिंकणाऱ्यांत वाटले जातात. बुकी मात्र ठरलेल्या भावाने स्वतःच्या खिशातून देतो. म्हणूनच त्याच्यावर नजर जास्त, आणि ती असायलाच हवी. मद्रासच्या रेसकोर्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९९६ साली हा व्यवहार उलगडून सांगितला. बुकी छापील कार्ड देतो. त्यावर त्याचं नाव, घोडा आणि रक्कम असते. प्रत त्याच्याकडे राहते, आणि प्रत्येक पैजेची नोंद तपासणीसाठी मैदान चालवणाऱ्या क्लबकडे जाते. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, हा गाजलेला निर्वाळाही याच निकालातला.

हाताखालची माणसंही सुटत नाहीत. ऑस्ट्रेलियात पैजा टिपणाऱ्या कारकुनाला ‘पेन्सिलर’ म्हणतात, आणि त्यालाही नोंदणी लागते. इंग्लंडात पांढरे हातमोजे घातलेली माणसं खुणांनी एका बुकीचा भाव दुसऱ्याला कळवत. दोन्ही हात डोक्यावर ठेवले, की भाव चारास नऊ! मोबाइल आला आणि ही सुंदर भाषा जवळपास संपली. नियमांचं म्हणाल, तर जॉकीला पैजच लावता येत नाही.

कौशल्याचा खेळ वेगळा, जुगार वेगळा, आणि जुगाराचा कुणाला हक्क नाही. बंगळूरच्या एका साप्ताहिकाच्या कोडे स्पर्धेवरून लढलेल्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९५७ मध्ये सांगितलं की जुगार हा राज्यघटनेने संरक्षण दिलेला व्यापार नाही. सरन्यायाधीश एस. आर. दास यांनी त्यासाठी थेट ऋग्वेद आणि महाभारताचे दाखले दिले. मला हा निकाल फार आवडतो.

पैजांवरचा करही जबरदस्त आहे. २०१७ मध्ये जीएसटी २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला.

तेव्हा ‘मी लायसन्सवाला बुकी’ म्हणणारा कुणी नाशिकच्या शालिमार किंवा सीबीएसला भेटला, तर त्याला छापील कार्ड मागा आणि मैदान कुठलं ते विचारा. नाशिक जिल्ह्यात घोड्यांच्या शर्यतीचं परवानाप्राप्त मैदान एकही नाही.