भिंत उजव्या हाताला

हिमालयातल्या पाऊलवाटा : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण नामचे बाजारला (३,४४० मीटर) मुक्काम केला. आज तेंगबोचे गाठायचं. सरळ वाट आहे, पण आपण खुमजुंगवरून वळसा घालू. सकाळीच छातीवरचा चढ लागतो. तरी शेर्पांचं गाव पाहायचं तर ते इथे. नामचे ही शेवटी बाजारपेठ.

खुमजुंग ३,७९० मीटरवर, खुंबीला डोंगराच्या पायथ्याशी आहे. ५,७६१ मीटरचा खुंबीला इथल्या शिखरांच्या पंक्तीत ठेंगणाच म्हणायचा. पण तो पडला या खुंबू भागाचा राखणदार देव. म्हणून पलीकडे एव्हरेस्टवर माणसांच्या रांगा लागतात आणि याच्या माथ्याला कुणी पाय लावत नाही. गावात हिरव्या पत्र्यांची छपरं, कोकणातल्या गडग्यांसारखे नुसते दगडावर दगड रचलेले बांध आणि आत बटाट्याची वावरं. एडमंड हिलरींनी १९६१मध्ये काढलेली शाळाही इथलीच. गोंपात, म्हणजे बौद्ध मठात, कुलपाआड यतीची म्हणून एक टाळू ठेवली आहे. हिलरींनी ती १९६०मध्ये तपासायला परदेशी नेली, तेव्हा ती सेरो या रानबकरीसारख्या जनावराच्या कातड्याची निघाली. गावाने ती परत कुलपात ठेवली. दक्षिणा टाकली की आजही दाखवतात!

मला मात्र टाळूपेक्षा गावातली मणी-भिंत जास्त आवडते. कमरेएवढी उंच, लांबच लांब, आणि तिच्यात दगडी पाट्या एकीवर एक टेकवलेल्या. प्रत्येकीवर कोरलेलं एकच, ‘ॐ मणि पद्मे हूं’. जुन्या पाट्यांवर दगडफुलाचा पिवळा-राखाडी थर चढलाय. अक्षरं दिसत नाहीत, बोटांना लागतात. पहिल्यांदा मी रमतगमत चुकीच्या अंगाने निघालो होतो. समोरून पाठीवर शेणाची टोपली घेतलेल्या एक आजी आल्या. काही न बोलता त्यांनी हातातली काठी हवेत गोल फिरवली. भिंत उजव्या हाताला ठेवायची, एवढाच त्याचा अर्थ. आपण देवाला उजवी घालतो, तेच.

मग नीट पाहिलं. भिंतीच्या दोन्ही बाजूंना वाट होती आणि दोन्ही सारख्याच झिजलेल्या. जाताना या अंगाने, येताना त्या. बाजाराला जाऊन घरी परतलं की एक प्रदक्षिणा पुरी होते. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

मंत्र अवलोकितेश्वराचा. हा देव आपल्याला परका नाही. औरंगाबाद लेण्यांतल्या सातव्या लेण्यात तो आग, चोर, जहाजफुटी अशा आठ संकटांतून लोकांना सोडवताना कोरलेला आहे. व्यापारी वाटांवरच्या लोकांना असाच देव हवा. इथेही तो वाटेवरच उभा आहे.

खुमजुंगहून वाट उतरत उतरत दूधकोसीच्या काठी फुंकी तेंगाला येते, साधारण ३,२५० मीटरवर. कमावलेली उंची गेली. इथली मणीचक्रं पाण्यावर फिरतात. ओढ्याचं पाणी छोट्या खोपटाखालून काढलेलं, त्यात पाती, पात्यांच्या आसावर वर नळकांडं. पाणचक्कीच, फक्त दळायला दाणे नाहीत. नळकांड्यात मंत्र लिहिलेल्या कागदाची घट्ट गुंडाळी असते आणि एक फेरा म्हणजे तेवढा जप. थंडीत ओढा गोठला की जपही थांबतो.

पुढचे सहाशे मीटर चढणीचे. त्यांबद्दल काय लिहायचं? धापा टाकायच्या.

तेंगबोचेचा गोंपा (३,८६७ मीटर) लामा गुलू यांनी १९१६मध्ये स्थापला. १९३४च्या भूकंपात तो पडला, पुन्हा बांधला. मग वीज आली आणि तिच्याच बिघाडातून १९८९मध्ये आग लागून जळाला. आजची वास्तू १९९३ची. म्हणजे ज्याला आपण ‘प्राचीन मठ’ म्हणून फोटोत पकडतो, तो अनेक पाहुण्यांपेक्षा वयाने लहान. जुनं आहे ते दारापाशी. तिथला एक दगड दाखवून सांगतात, की लामा सांगवा दोर्जे यांचं पाऊल यावर उमटलं, आणि इथे गोंपा होणार हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. त्यांचा स्वतःचा गोंपा पुढच्या गावात, पांगबोचेला. पुढच्या आठवड्यात तिकडेच जायचंय.